जुन्या मोटारींवरची अक्षरं : कुठून आली आणि पुन्हा कशी घडवायची?

जुनं_इंजिन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९५१ ची ऑस्टिन ए-४० आहे. इंजिन सुरू झालंय, पत्र्याचं काम उरकलंय, रंग चालू आहे. गाडी आता अडलीय ती बॉनेटवरच्या 'ऑस्टिन ऑफ इंग्लंड' या अक्षरांपाशी. एका बाजूची अक्षरं जागेवर आहेत, पण क्रोमला फोड आलेत. दुसऱ्या बाजूची दोन ठिकाणी मोडलीत आणि 'इंग्लंड'मधल्या शेवटच्या 'डी'ची उभी दांडी गेलीय.

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी : लाँगब्रिज, बर्मिंगहॅमची ही गाडी आपल्याकडे सुट्या भागांत यायची आणि मद्रासजवळ एन्नोरला जोडली जायची. त्यासाठीच १९४८ मध्ये अशोक मोटर्स ही कंपनी निघाली. १९५५ मध्ये तिचीच अशोक लेलँड झाली. पुढे ट्रकांचा धंदा वाढला आणि ऑस्टिनचे सुटे भाग मिळेनासे झाले. इंजिनाचे भाग माणसं कसेही जमवतात, लेथवर करून घेतात. अक्षरांकडे मात्र कुणी बघत नाही. रंगारी ती काढून डब्यात टाकतो आणि डबा हरवतो.

मला बऱ्याच जणांनी सांगितलं की नेटवर मिळताजुळता फॉन्ट शोध, लेझरने पत्रा काप, क्रोम मार, झालं. माझं ठाम मत आहे की असं करू नये. ही अक्षरं टाइपातून आलेली नाहीत. कुणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून ती त्या बॉनेटसाठी, त्या लांबीसाठी हाताने काढली आहेत. जोडलेल्या लिपीलाही कारण आहे. सुटी अक्षरं लावायची तर प्रत्येकाला पत्र्यात दोन भोकं, आणि ओळ वाकडी बसण्याची भीती. एकमेकांत गुंफलेली अक्षरं म्हणजे एकच ओतीव तुकडा आणि मोजक्या पिना. म्हणून चाळीस-पन्नासच्या दशकात इतक्या गाड्यांच्या अंगावर जोडलेली लिपी दिसते. वळणं नुसती शोभेची नाहीत, ती तुकडा एकसंध धरून ठेवतात. तुटतात तीही बहुतेक याच जोडांपाशी, जिथे रेघ सगळ्यात बारीक असते.

तेव्हा दोन गोष्टी हव्या आहेत. ज्यांना अशा अक्षरांच्या उगमाची माहिती आहे त्यांनी लिहा, कुठल्याही गाडीची चालेल. आणि ज्यांनी ओतकाम, मीनाकाम, प्लेटिंग केलंय त्यांनी माझा तुकडा कसा करावा ते सांगा.

शिवडीकर

झकास विषय. शेवरलेचं सांगतो, कारण माझं बालपण ज्या भागात गेलं तिथेच जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडल्या जात, १९५४ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. सरकारचं धोरण स्पष्ट होतं : इथे बनवायची असेल तर बनवा, नुसती जोडणी नको. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या शेवरलेंवर मूळ बिल्ले फार कमी सापडतात. मोडला की स्थानिक कारागिराकडून करून घ्यायचा, अशीच रीत पडली.

कंपनी १९११ मध्ये लुई शेवरले आणि विल्यम ड्युरंट यांनी काढली. पहिल्या गाडीवर शेवरलेचं नाव सहीसारख्या तिरप्या लिपीत होतं. 'बो-टाय', म्हणजे तिरक्या चौकटीचं ते शेवरलेचं चिन्ह, १९१३ पासून दिसतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की ही नेमप्लेट बघूनच गाडी घ्या.

आता तो आकार आला कुठून? कंपनी सांगायची की ड्युरंटने १९०८ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या भिंतीवरच्या कागदावर तो पाहिला आणि तुकडा फाडून खिशात ठेवला. त्याच्या मुलीने १९२९ मध्ये लिहिलं की वडील जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या नेमप्लेटा रेखाटायचे. त्याची बायको म्हणाली की व्हर्जिनियात हॉट स्प्रिंग्जला सुट्टीवर असताना पेपर चाळता चाळता त्याला तो सापडला. पुढे एका इतिहास-अभ्यासकाने जुने पेपर उपसले, तेव्हा १९११ च्या नोव्हेंबरमधल्या अटलांटाच्या अंकात 'कोअलेट्स' नावाच्या कोळशाच्या वड्यांची जाहिरात मिळाली. त्यातली अक्षरं थेट त्याच तिरक्या चौकटीत बसवलेली. तारीख कंपनीच्या स्थापनेनंतर नऊ दिवसांची. मला बायकोची साक्ष आणि ही जाहिरात एकमेकींना धरून आहेत असं वाटतं. भिंतीच्या कागदाची गोष्ट रंगतदार आहे, पण तो कागद कुणी दाखवलेला नाही.

काळी_पिवळी

शिवडीवरून आठवलं म्हणून कुर्ल्याचं लिहितो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात, मग फियाट आली. १९६४ पासूनची ११०० डिलाइट, १९७२ मध्ये तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. पत्रा तोच, दारं तीच, बदललं ते नाव. त्यामुळे ज्यांना आपली गाडी नेमक्या सालाप्रमाणे उभी करायची आहे त्यांच्यासाठी अक्षरं हाच मोठा पुरावा. आमच्या शेजाऱ्यांची गाडी कागदोपत्री डिलाइट आहे आणि डिकीवर पद्मिनी लिहिलंय, कारण मधे कधीतरी गॅरेजवाल्याने हाताला लागेल ते लावलं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली. तेव्हा खूप गाड्या भंगारात गेल्या. ज्यांना बिल्ले हवेत त्यांनी भंगारवाल्यांकडे आताच चौकशी करावी. आणखी पाच वर्षांनी काही मिळणार नाही.

अक्षरवेल

धागाकर्त्याच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. मी अक्षरं काढण्याचं काम करते, म्हणून एक साधी परीक्षा सुचवते. तुमच्या तुकड्यात 'एन' हे अक्षर तीनदा येतं : एकदा 'ऑस्टिन'मध्ये, दोनदा 'इंग्लंड'मध्ये. तिन्ही ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या आणि एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. टाइपातलं अक्षर असेल तर तिन्ही तंतोतंत बसतील. हाताने काढलेलं असेल तर नाही बसणार. कारण काढणारा माणूस प्रत्येक वेळी आजूबाजूची जागा बघतो. शेजारी 'जी'चं पोट आलं की 'एन' थोडा सरकतो, शब्दाच्या शेवटी आला की पाय जरा लांबवतो.

तुटलेल्या 'डी'चं उत्तरही त्याच शब्दात आहे. 'एल'ची उभी दांडी आणि 'ए'चं पोट घ्या, दोन्ही मिळून 'डी'चा सांगाडा तयार होतो. पण एवढ्यावर थांबू नका, शेवटच्या अक्षराची दांडी आणि शेपूट काढणारा थोडी मोकळी सोडतो. चांगली बाजू शाबूत आहे म्हणता, तर तिच्यावरून पडताळा घ्या.

फोर्डचंही सांगायला हवं. खूप जण समजतात की ती हेन्री फोर्डची सही आहे. ती नाही. फोर्डचा पहिला मोठा इंजिनिअर चाइल्ड हॅरॉल्ड विल्स पोरवयात लोकांची व्हिजिटिंग कार्डं छापून द्यायचा, त्या वेळच्या अक्षरांच्या सवयीतून त्याने हे नाव काढलं असं सांगतात. १९०९ मध्ये त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. निळा लंबगोल गाडीवर आला तो थेट १९२७ च्या अखेरीस, मॉडेल ए बरोबर. मॉडेल टी च्या पितळी रेडिएटरवर ही अक्षरं वरच्या टाकीच्या पत्र्यातच ठोकून उठवलेली असत. त्यामुळे तिथल्या कडा गोल आणि मऊ दिसतात, ओतीव अक्षरांसारख्या धारदार नसतात. १९१७ च्या मॉडेलपासून रेडिएटरचं कवच काळं झालं. विल्सने पुढे फोर्ड सोडून स्वतःच्या नावाची गाडी काढली आणि तिच्या बिल्ल्यावर उडता करडा हंस (ग्रे गूज) घेतला. अक्षरांवर इतकं प्रेम करणारा इंजिनिअर मला तरी दुसरा माहीत नाही.

टूलरूम७२

माहिती छान आहे, पण फॉन्टला इतका विरोध कशाला? आज थ्रीडी स्कॅनर आहे, प्रिंटर आहे. चांगल्या बाजूचा तुकडा स्कॅन केला, फाइल केली, प्रिंट काढली, काम संपलं.

जुनं_इंजिन

@टूलरूम७२, स्कॅनरला माझा विरोध नाहीच, तुम्ही मूळ तुकड्यावरूनच काम करताय. विरोध आहे तो नुसत्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. मूळ तुकड्याला सत्तर वर्षांत किती वेळा बफिंग (घासून चकाकी) झालंय कोण जाणे. प्रत्येक वेळी अक्षरांच्या माथ्यावरची कड थोडी झिजते. स्कॅनर ती झीजही इमानाने उतरवतो. म्हणून स्कॅननंतर ती कड पुन्हा धारदार करायला डोळसपणे हात फिरवावा लागतो.

@अक्षरवेल ताई, तिन्ही 'एन' उतरवले. एकमेकांवर बसत नाहीत! आणि बॉनेटचा जुना रंग खरवडण्याआधी आम्ही फोटो काढले होते, त्यात अक्षरांखालच्या न विटलेल्या रंगाची सावली स्पष्ट आहे. 'डी'च्या दांडीची उंची तिथूनही मिळते.

ओतारी

कोल्हापूरहून लिहितोय, आमचं घरचं ओतकाम. मूळ तुकडा काय धातूचा आहे ते आधी बघा. चुंबक चिकटणार नाही, वजनाला बरा असेल, आणि मोडलेल्या ठिकाणी आत करडा, दाणेदार दिसत असेल तर तो जस्ताचा आहे. इंग्रज लोक त्याला मझाक म्हणतात, अमेरिकेत झमाक. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमारास ही मिश्रणं काढली, जस्तात साधारण चार टक्के अॅल्युमिनियम. चारशे डिग्रीच्या आतच वितळतं, पोलादी डायमध्ये (साच्यात) दाबाने भरलं की बारीक रेघसुद्धा भरून येते. म्हणून तर मोटारवाल्यांना आवडलं. पण त्यात शिसं जास्त मिसळलं गेलं असेल तर कालांतराने आतूनच तडे जातात आणि तुकडा भुगा होतो. तसा असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

तुम्हाला दोनच नग हवेत, त्यासाठी पोलादी डाय करणं परवडणार नाही. पितळेत ओता. मेणाच्या साच्याने, सोनार करतात तसं. हुपरीला चांदीकाम करणारे ही पद्धत रोज वापरतात, आणि आता मेणाचा नमुना प्रिंटरवरही निघतो.

खरी मेख आकसण्यात आहे. पितळ थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं. समजा तुमची अक्षरं २०० मिमी लांब आहेत आणि तुम्ही मूळ तुकड्यावरूनच साचा घेतला, तर निघालेला नग १९७ मिमीचा असेल. टेबलावर ठेवला तर कुणाला कळणार नाही, पण पिना बॉनेटच्या भोकांत जाणार नाहीत. मग लोक भोकं मोठी करतात, नाहीतर पिना वाकवतात, आणि नवा रंग तडकतो. म्हणून नमुनाच तेवढा मोठा करायचा. मेणाचं आकसणं वेगळं धरायचं. पहिला नग ओतला की कॅलिपर लावायचा आणि मगच दुसरा. पिना नगाबरोबर ओतू नका. जरा लांबीच्या पितळी सळया मागून बसवा, म्हणजे भोकांप्रमाणे जागा थोडी सरकवता येते.

दुसरं, बॉनेट गोलाईचं आहे. पुढून वाचायला दोन्ही बाजूंची अक्षरं सारखीच, पण पाठीचा बाक डावीकडे आणि उजवीकडे उलटा पडतो. दोन्ही नग सपाट ओतून घ्या आणि मग बॉनेटवर धरून हलक्या हाताने बाक द्या. पितळ ऐकतं. जस्त ऐकत नाही, तुटतं.

निकेल_कॉपर

ओतारी दादांनी बरोबर सांगितलंय, मी पुढचं सांगतो. पितळेला प्लेटिंग सोपं. पण तुमच्या चांगल्या बाजूच्या मूळ जस्ताच्या तुकड्याचं काय? तो कुठल्याही प्लेटिंगवाल्याकडे तसाच टाकून येऊ नका. बरेच जण जुनं क्रोम काढायला सरळ अॅसिडच्या टाकीत बुडवतात. अॅसिड क्रोमबरोबर जस्तही खातं. सकाळी दिलेली अक्षरं संध्याकाळी दातेरी होऊन परत येतात.

क्रोमवरचा फोड म्हणजे आत जस्त कुजून वर आलंय. प्रत्येक फोड बारीक बर्रने (फिरत्या कोरणीने) स्वच्छ धातू लागेपर्यंत कोरायचा. मग सायनाइड कॉपरचा पातळ थर द्यायचा. साध्या अॅसिड कॉपरमध्ये जस्त थेट घालायचं नाही, ते विरघळायला लागतं. तांब्याचा थर बसला की खड्डे कथलाने झाळून भरता येतात, आणि मोडलेला जोडही तसाच सांधता येतो. पुन्हा घासायचं, पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम. हे घरी करायचं काम अजिबात नाही. सायनाइड आणि क्रोमिक अॅसिड दोन्ही जिवावर बेतणारी आहेत.

एक गैरसमज दूर करतो. चमक आणि गंजापासून बचाव ही कामं निकेलची. वरचं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं, त्याने फक्त निळसर झाक येते आणि निकेल मळत नाही. म्हणूनच १९२० च्या दशकाच्या आधीच्या गाडीवर क्रोमची अक्षरं दिसली की डोळ्यांना खुपतात. तेव्हा फक्त निकेल होतं, किंचित पिवळसर, उबदार. क्रोम गाड्यांवर आलं ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तुमची गाडी १९५१ ची, तुम्हाला क्रोमच हवं.

आल्प्सपलीकडे

इटलीत कामाला असतो, म्हणून अल्फा रोमिओची भर घालतो. तिच्या बिल्ल्यावरची अक्षरं वाचून गाडीचं साल सांगता येतं. १९१० मध्ये रोमानो कट्टानेओ या तरुण ड्राफ्ट्समनने तो आखला. मिलानच्या किल्ल्यावरचा विस्कोंती घराण्याचा सर्प आणि शहराचा लाल क्रॉस. भोवती निळ्या कड्यात वर 'अल्फा', खाली 'मिलानो', आणि मधे इटलीच्या सव्होय राजघराण्याच्या दोन गाठी. निकोला रोमिओच्या ताब्यात कंपनी गेल्यावर त्याचं नाव कड्यात शिरलं. १९२५ मध्ये पहिलं जागतिक अजिंक्यपद मिळालं तेव्हा भोवती लॉरेलची माळ आली. १९४६ मध्ये इटलीत राजेशाही संपली आणि गाठींच्या जागी नागमोडी रेघा आल्या. १९७२ मध्ये दक्षिणेत नेपल्सजवळ दुसरा कारखाना झाल्यावर 'मिलानो' शब्दच काढला. एखाद्या देशाचा इतिहास मुठीएवढ्या चकतीवर उमटलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मीनावाले

वरच्या प्रतिसादातला बिल्ला मीनाकामाचा, म्हणून त्या तंत्राबद्दल. तांब्याचा पत्रा डायने ठोकून त्यात खळगे करतात. अक्षरं उंच राहतात, खळग्यांत काचेची ओली पूड भरतात आणि आठशे डिग्रीच्या आसपास भट्टीत घालतात. काच वितळून बसते, पण आकसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. मग दगडाने घासून काच आणि धातू एका पातळीत आणायचे.

या पद्धतीमुळे अक्षरांचं रूप ठरतं. 'ए'च्या किंवा 'आर'च्या पोटात काचेला जागा हवी, नाहीतर पूड बसत नाही, बुडबुडा धरते. म्हणून मीन्याच्या बिल्ल्यांवरची अक्षरं रुंद आणि मोकळ्या पोटाची असतात, बारीक नाजूक रेघा टाळलेल्या. फॉन्ट आणून बसवला की नेमकं हेच फसतं.

आजकाल स्वस्तातले नग रेझिनचे असतात. वर्षभर उन्हात ठेवले की पिवळे पडतात. ओळखायचं असेल तर तिरप्या उजेडात धरा : खऱ्या काचेखाली कोरलेली नक्षी असेल तर ती खोलवरून चमकते, रेझिनची चमक वरवरची असते. आपल्याकडे झवेरी बाजारात दागिन्यांचं मीनाकाम करणारे कारागीर आहेत. त्यांना मोटारीचा बिल्ला दाखवला तर आधी नाही म्हणतील, पण तंत्र तेच आहे. डाय तुम्ही करून द्यायची, भट्टी त्यांची.

लाँगब्रिजजवळ

बर्मिंगहॅमला राहतो, धागा बघून राहवलं नाही. ऑस्टिनचा कारखाना २००५ मध्ये बंद पडला, आता तिथे बरीचशी घरं आणि दुकानं झालीत. पण गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये इथल्या कंपन्यांचे जुने कागद जपून ठेवलेत. चौकशी करायला हरकत नाही. गाडीचा चेसिस नंबर आणि तुकड्याच्या मागे ओतीव अक्षरांत काही आकडा असेल तर तो कळवा, मी विचारून बघतो. मागचा आकडा बफिंग करणाऱ्याच्या हाती जाण्याआधी उतरवून घ्या, कित्येकदा तोच पहिला उडतो. इथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये मीन्याचे बिल्ले करणारे जुने कारखाने अजून आहेत, त्यातला फट्टोरिनी तर १८२७ पासूनचा. मीन्याचं काम असेल तर इथे करून घेता येतं, पण तुमच्या ओतीव अक्षरांसाठी कोल्हापूरच बरं.

काळी_पिवळी

एक शंका. असे नवीन केलेले नग उद्या कुणी मूळ म्हणून विकले तर?

जुनं_इंजिन

रास्त शंका आहे. मी ठरवलंय की नव्या नगाच्या पाठीवर ओतायचं साल उमटवायचं. समोरून दिसत नाही, पण काढून बघणाऱ्याला लगेच कळतं. सगळ्यांनीच असं करावं. आणि मोडलेला मूळ तुकडा फेकायचा नाही, गाडीच्या कागदांबरोबर ठेवायचा. पुढच्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं करता येईल.

@लाँगब्रिजजवळ, पाठीमागे आकडा आहे, अर्धा झिजलाय. खडू घासून वाचता येतोय का बघतो आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. @ओतारी, चांगली बाजू दुरुस्त करून तीच लावायची आणि नवीन फक्त मोडलेली बाजू करायची, असं मनात आहे. एका बाजूला जस्त आणि दुसऱ्या बाजूला पितळ, क्रोमचा रंग वेगळा दिसेल का?

निकेल_कॉपर

नाही दिसणार, दोन्ही एकाच वेळी एकाच टाकीत निकेल आणि क्रोम करून घ्या. फरक दिसलाच तर बफिंगचा दिसतो. म्हणून दोन्हींना शेवटचा हात एकाच माणसाचा हवा.

ओतारी

आणि नमुना पाठवाल तेव्हा बॉनेटच्या भोकांचा कागदी छापही पाठवा. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप त्यावर लिहून. नुसत्या फोटोवरून माप घेत नाही मी.